लिनक्सला हार्डवेअर सापडत नाही तेव्हा

लिनक्सचे मशीन सुरू होताना डिस्क, नेटवर्क कार्ड किंवा एखादे यूएसबी साधन सापडत नाही. बंद करून पुन्हा सुरू केले की सापडते, आणि चार-आठ दिवसांनी परत गायब होते. कायमचा मेलेला भाग ओळखायला सोपा असतो. तो बदलला की काम संपते. असा अधूनमधून डोके वर काढणारा दोष मात्र दुरुस्तीच्या टेबलावर बहुधा दिसतच नाही. म्हणून एकाच बिघडलेल्या बूटवरून त्याचा तपास लागत नाही. साधन सापडले तो बूट आणि सापडले नाही तो बूट यांच्यात काय बदलले, हाच मुख्य पुरावा. बदललेली गोष्ट कधी तार असते, कधी व्होल्टेज, कधी कर्नलची आवृत्ती, आणि महाड-पोलादपूरसारख्या भागात कित्येकदा ऋतू.

पॉवर बटण दाबल्यापासून लॉगिनचा पडदा येईपर्यंत हार्डवेअरची ओळख तीन टप्प्यांत पटवली जाते. आधी मदरबोर्डवरचे फर्मवेअर, म्हणजे जुन्या मशीनमधला बायोस किंवा नव्यातला यूईएफआय, रॅम मोजते, डिस्क शोधते आणि ग्रब या बूटलोडरच्या हाती सूत्रे देते. दुसऱ्या टप्प्यात ग्रब कर्नल मेमरीत आणतो आणि त्याच्यासोबत इनिटरॅमएफएस ही छोटी तात्पुरती फाइलप्रणाली आणतो. मुख्य डिस्कपर्यंत पोहोचायला लागणारे ड्रायव्हर तिच्यात असतात. मुख्य डिस्क जोडली गेली की तिसरा टप्पा यूडेव्हचा. तो उरलेल्या साधनांची ओळख घेतो, त्यांना नावे देतो आणि योग्य ते मॉड्यूल मागवतो. पीसीआय बसवरच्या प्रत्येक साधनाजवळ यासाठी दोन क्रमांक असतात, एक उत्पादकाचा आणि दुसरा त्या साधनाचा. (इंटेलचा उत्पादक क्रमांक ८०८६ आहे, आपल्या जुन्या प्रोसेसरची आठवण कंपनीने अशी जपली.) कर्नल हे क्रमांक मॉड्यूलांच्या यादीशी जुळवून पाहतो. जुळले तर ड्रायव्हर चढतो, नाही तर साधन नुसते यादीत पडून राहते.

‘सापडत नाही’ या एकाच तक्रारीत म्हणून निरनिराळे रोग लपलेले असतात. साधन विजेच्या पातळीवर उत्तरच देत नसेल, तर एलएसपीसीआय किंवा एलएसयूएसबी या आज्ञांच्या यादीत ते येणार नाही. यादीत असूनही काम करत नसेल, तर ड्रायव्हर किंवा फर्मवेअरची फाइल नाही. आणि ड्रायव्हरही चढला असेल, तर बहुधा एखादी जुनी नोंद त्याला वेगळ्याच नावाने शोधत आहे. डिस्कच्या बाबतीत त्याहून सोपी कसोटी आहे: सुरुवातीलाच बायोसच्या सेटअपमध्ये जाऊन पाहावे. डिस्क तिथेच दिसत नसेल तर लिनक्सचा काही संबंध नाही, आणि लिनक्स पुन्हा टाकण्यात घालवलेली दुपार वायाच जाते. हा वेळ फार ठिकाणी वाया जातो.

लिनक्सवर हार्डवेअर न सापडल्याचा आळ वारंवार येण्याचे एक कारण त्याच्या वाट्याला येणाऱ्या मशीनमध्ये आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ च्या अटींत न बसणाऱ्या, पण चालू स्थितीतल्या पीसींना तेव्हापासून लिनक्स हाच स्वस्त मार्ग उरला. अशा मशीनमधला सेल, केबल, वीज पुरवणारा एसएमपीएस सगळेच जुने असते. दोष वयाचा असतो आणि नाव नव्या प्रणालीचे होते.

त्यात महाड-पोलादपूरकडची हवा. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथे उगम पावणारी सावित्री पोलादपूर आणि महाडवरून बाणकोटच्या खाडीकडे जाते, आणि घाटाच्या पायथ्याचा हा पट्टा जून ते सप्टेंबर ओलाच असतो. ओलाव्याचा पहिला बळी म्हणजे जोड. रॅमच्या पट्टीवरचा सोन्याचा मुलामा मायक्रॉनभरसुद्धा जाड नसतो. त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून खालच्या धातूपर्यंत दमट हवा पोहोचते आणि संपर्काचा रोध हळूहळू वाढत जातो. रासायनिक कारखान्यांच्या परिसरात याला आणखी एक पदर असतो. युरोपने जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंतल्या शिशावर बंधने आणल्यावर काही बोर्डांवर चांदीचा पातळ मुलामा येऊ लागला. गंधकयुक्त वायू आणि ओल एकत्र आले की चांदी आणि तांबे दोन्ही काळे पडतात, आणि तो थर पसरत जाऊन शेजारच्या दोन रेषा जोडूही शकतो. औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या कार्यालयांत ही शक्यता विचारात घ्यावी लागते.

रॅमची पट्टी काढून खोडरबराने घासणे हा आपल्याकडच्या दुरुस्तीच्या दुकानांतला सर्वमान्य उपाय. त्याने गुण येतोही, पण खोडरबर मळाबरोबर सोनेही खरवडतो. तेच काम वारंवार केले की मुलामा जातो आणि दोष लवकर परततो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेले सुती कापड बरे. पट्टी नुसती काढून पुन्हा घट्ट बसवली तरी अनेकदा काम होते, कारण बसवताना टोके एकमेकांवर घासून आपोआप साफ होतात. रॅम पूर्ण मोजली जाते की नाही हे दोन-तीन बूटमध्ये पाहून आकडा लिहून ठेवावा आणि मेमटेस्ट रात्रभर चालवावी. पाच मिनिटांची चाचणी अशा दोषात निरुपयोगी आहे.

चालू मशीन आपल्याच उष्णतेने आतून कोरडे राहते. शाळेची लॅब याच्या उलट स्थितीत असते: मे महिन्याच्या सुट्टीत बंद, आणि उघडते ती जूनच्या मध्यावर, नेमकी पावसाच्या तोंडावर. पहिल्याच दिवशी निम्म्या मशीनना काहीबाही सापडले नाही, तर त्यात नवल नाही. अशा वेळी एकेका मशीनवर स्वतंत्र निदान करत बसण्याआधी सगळी तासभर चालू ठेवून मग पुन्हा सुरू करून पाहावीत. त्यानंतरही जी अडतील तीच खरी रोगी. सुट्टीतही आठवड्यातून एकदा मशीन चालू करणारे कोणी असेल, तर ही वेळच येत नाही.

वीज हा दुसरा मोठा भाग, आणि त्यातला सर्वांत स्वस्त अपराधी म्हणजे मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर २०३२ सेल. तीन व्होल्टचा हा सेल घड्याळ आणि बायोसची सेटिंग जपतो. मात्र पीसीला भिंतीतली वीज मिळत असते तोवर हे काम एसएमपीएसची स्टँडबाय वीज करते. विजा चमकू लागल्या की भिंतीवरचे बटण बंद करायचे, प्लग काढून ठेवायचा, ही कोकणातली सवय शहाणपणाचीच आहे. पण त्यामुळे सगळा भार सेलवर येतो आणि तो लवकर उतरतो. मग लक्षणे एकत्र येतात. तारीख कित्येक वर्षे मागे जाते. साटाची पद्धत एएचसीआयवरून मूळ सेटिंगवर, म्हणजे आयडीई किंवा रेडवर सरकते, आणि काल सापडलेली डिस्क आज सापडत नाही. फाइलप्रणाली तपासणारा प्रोग्रॅम ‘शेवटची नोंद भविष्यातली आहे’ अशी तक्रार करून बूट अडवू शकतो. काही बोर्डांत सिक्युअर बूट आपोआप चालू होते, आणि बाहेरून टाकलेले, सही नसलेले ड्रायव्हर कर्नल नाकारतो. वायफाय गेले म्हणून माणूस ड्रायव्हर शोधत बसतो आणि खरा रोगी तो सेल असतो. ओळखण्याची खूण अशी, की नुसत्या रीबूटनंतर काही होत नाही. लाइट गेल्यावर किंवा प्लग काढून ठेवल्यावरच बिघाड येतो.

याच्या जवळचे, पण निराळे लक्षण म्हणजे थंड मशीन पहिल्यांदा अडते आणि लगेच रीसेट केले की चालते. इथे एसएमपीएस किंवा बोर्डावरचे कपॅसिटर संशयित ठरतात. जुनी साडेतीन इंची डिस्क फिरू लागताना १२ व्होल्टच्या वाहिनीवर काही क्षण दोन अँपिअरच्या घरात प्रवाह ओढते. पुरवठा दमलेला असेल तर ती गती घेईपर्यंत बायोस पुढे निघून गेलेला असतो. दुसऱ्या वेळी ती आधीच फिरत असते, म्हणून सापडते. या शतकाच्या पहिल्या दशकातल्या अनेक बोर्डांवर सदोष कपॅसिटर बसले होते. फुगलेले किंवा गळलेले डोके नुसत्या नजरेला दिसते. यूपीएस आहे म्हणून हा संशय सोडून देऊ नये. बॅटरी मेलेला यूपीएस साध्या एक्स्टेंशन बोर्डाच्या पलीकडे फारसे काही करत नाही.

डिस्कबाबत कर्नल बरेच बोलतो. ते वाचायची सवय मात्र कमी. कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या डीमेसेज या आज्ञेत साटाचा दुवा बंद असल्याची ओळ दिसली तर डिस्क उत्तर देत नाही. दुवा सहा गिगाबिटवर सुरू होऊन तीनवर, मग दीडवर उतरत असेल, तर केबल किंवा जोड खराब आहे. स्मार्ट या स्वनिदान नोंदीतला १९९ क्रमांकाचा आकडा केबलमधून जाताना बिघडलेल्या माहितीची मोजणी ठेवतो. तो वाढत असेल तर आधी केबल बदलावी. किमतीच्या मानाने एवढे उपयोगी दुसरे काही नाही. ५ आणि १९७ हे आकडे वाढत असतील तर मात्र डिस्कचा पृष्ठभागच खराब होत आहे, आणि केबल बदलण्याआधी माहितीची प्रत काढणे हे पहिले काम. १९९ चा आकडा केबल बदलल्यावर शून्यावर येत नाही, फक्त वाढायचा थांबतो. हे माहीत नसल्याने कित्येक चांगल्या डिस्क भंगारात जातात.

यूएसबीच्या तक्रारी संख्येने सर्वांत जास्त आणि बहुधा सर्वांत किरकोळ असतात. कर्नलच्या नोंदीत उणे ७१ हा आकडा आला तर साधनाशी संवाद बिघडला. उणे ११० आला तर ठरलेल्या वेळेत उत्तर आले नाही. यूएसबी २ चे पोर्ट ५०० आणि यूएसबी ३ चे ९०० मिलिअँपिअर देण्यास बांधलेले असते. त्यावर हब लावून प्रिंटर, अंगठ्याचे यंत्र आणि बाहेरची डिस्क एकत्र जोडली की शेवटचे कोणीतरी उपाशी राहते. पीसीच्या पुढचे पोर्ट आतल्या बारीक वायरने जोडलेले असतात. साधन मागच्या पोर्टला, हब न वापरता लावून पाहणे ही पहिली चाचणी. उत्पादकाने ड्रायव्हर फक्त विंडोजसाठी दिला असेल, तर साधन यादीत दिसूनही चालणार नाही. तो वारंवार येणारा दोष नव्हे, कायमची मर्यादा आहे. खरेदीआधीच ती तपासावी.

आता नोंदींचा भाग. हार्डवेअर पूर्ण निरोगी असूनही बूटच्या वेळी गोंधळ होतो तो इथे. रेड हॅटच्या जुन्या आवृत्त्यांत कुड्झू नावाचा प्रोग्रॅम प्रत्येक बूटला चालत असे. समोरचे हार्डवेअर तो आपल्या जुन्या यादीशी ताडून पाही. नवे काही दिसले तर जुळणी करू का, आणि जुने दिसले नाही तर त्याची जुळणी काढू का, असे विचारी. दोन पीसींना एकच माउस आणि मॉनिटर जोडणारा स्विच दुसरीकडे फिरवलेला असला, की माउस काढल्याचे तो जाहीर करी आणि पुढच्या बूटला नवा माउस सापडल्याचे. ‘काही करू नका’ हा पर्याय निवडला की यादी तशीच राही आणि प्रश्न दर वेळी परत येई. २००७ च्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ५ मध्ये कुड्झू होता. २०१० च्या सहाव्या आवृत्तीत तो नाही. आजचा यूडेव्ह प्रश्न विचारत नाही, ही सोय आहे. पण तो काही ठरवतो तेव्हा ते वापरणाऱ्याला कळतही नाही.

नेटवर्क कार्डांच्या नावांत त्याची किंमत दिसली. काही वर्षे यूडेव्ह प्रत्येक कार्डाचा हार्डवेअर पत्ता एका नियमांच्या फाइलमध्ये लिहून त्याला ईटीएच०, ईटीएच१ अशी कायमची नावे देत होता. बोर्ड बदलला किंवा एका मशीनची डिस्क जशीच्या तशी लॅबभर कॉपी केली, की नव्या कार्डाला पुढचा क्रमांक मिळे आणि नेटवर्कची जुळणी मात्र ईटीएच० चीच वाट पाहत बसे. ज्या कार्डाचा पत्ता वाचताच येत नाही त्याला कर्नल दर बूटला नवा यादृच्छिक पत्ता देतो. अशा मशीनवर नावांचे आकडे दर सकाळी एकाने वाढत जात. जानेवारी २०१३ मधल्या सिस्टमडी १९७ पासून नावे स्लॉटच्या जागेवरून ठरू लागली आणि हा प्रकार बराच थांबला. तरीही नवे पीसीआय कार्ड बसवल्यावर बसचे क्रमांक सरकून नाव बदलू शकते. डिस्कच्या एसडीए, एसडीबी या नावांचा तर मुळीच भरवसा नाही, कारण ती सापडण्याच्या क्रमाने मिळतात. एफएसटॅब या फाइलमध्ये नावाऐवजी यूयूआयडी हा ओळख क्रमांक लिहिणे हा त्यावरचा पक्का इलाज. दर वेळी न जोडल्या जाणाऱ्या बाहेरच्या डिस्कला ‘नोफेल’ हा पर्याय द्यावा, नाहीतर बूट तिच्यासाठी दीड मिनिट थांबून आपत्कालीन कन्सोलवर जातो.

ड्रायव्हरचे प्रकरण त्या मानाने सरळ आहे. अद्ययावतीकरणानंतर साधन गेले, तर ग्रबच्या यादीतून आधीचा कर्नल निवडून पाहावा. त्यावर चालले तर निदान झाले. बाहेरून टाकलेले मॉड्यूल नव्या कर्नलसाठी पुन्हा तयार झालेले नसते, हे नेहमीचे कारण. फर्मवेअर चढवता आले नाही आणि त्रुटी उणे २, अशी ओळ म्हणजे ती फाइलच मशीनवर नाही. डेबियनने बंदिस्त फर्मवेअर मूळ इन्स्टॉलरमध्ये घेण्याचा निर्णय २०२२ मध्ये मतदानाने केला आणि जून २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून ही अडचण खूपच कमी झाली. वायफायच नसताना वायफायची फाइल आणायची कशी, याचे उत्तर खिशातल्या मोबाइलमध्ये आहे: यूएसबी टेदरिंगला लागणारा ड्रायव्हर बहुतेक डिस्ट्रोंच्या कर्नलसोबत येतोच. कर्नलला एसीपीआय बंद कर, पीसीआयच्या त्रुटी सांगू नकोस, असे पर्याय देण्याचे सल्ले मात्र जपून घ्यावेत. दुसरा पर्याय दोष काढत नाही, फक्त तक्रार दाबतो. पहिल्याने बाकीची निम्मी यंत्रणा लंगडी होते.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या मशीनवर एक खास प्रकार घडतो. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘फास्ट स्टार्टअप’मध्ये मशीन पूर्ण बंद होत नाही, कर्नलची स्थिती डिस्कवर जपली जाते. विंडोजने निजवून ठेवलेले नेटवर्क कार्ड मग लिनक्सला जागे करता येत नाही. प्लग काढून पॉवर बटण काही सेकंद दाबून धरले, उरलेली वीज निघून गेली, की ते सापडते. कायमचा उपाय विंडोजच्या सेटिंगमध्ये आहे.

तपासाची पद्धत ठरवताना हे सगळे प्रकार एका ओळीत येतात. मशीन नीट चालत असेल त्या दिवशी एलएसपीसीआय, एलएसयूएसबी आणि डीमेसेज यांचे निकाल फाइलमध्ये ठेवावेत. बिघाडाच्या दिवशी पुन्हा ठेवावेत आणि दोन्ही ताडून पाहावेत. सिस्टमडीची जर्नलसीटीएल ही आज्ञा मागच्या बूटच्या नोंदीही दाखवते, मात्र काही डिस्ट्रोंत नोंदी डिस्कवर राहाव्यात असे आधी सांगावे लागते. मुख्य डिस्कच हरवत असेल तर नोंद लिहायला जागाच नसते. तेव्हा पडद्याचा मोबाइलने फोटो काढणे हाच मार्ग. लाइव्ह यूएसबीवरून सुरू करून पाहिले की बसवलेल्या प्रणालीचा दोष आणि हार्डवेअरचा दोष वेगळे होतात. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. केबल, रॅम आणि सेल एकदम बदलले तर मशीन सुधारेल, पण कशाने सुधारले हे कळणार नाही, आणि शेजारच्या मशीनला त्याचा उपयोग नाही. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सच्या आज्ञांचे पाठ मराठीतही आहेत; लॅब सांभाळणाऱ्या शिक्षकाला कमांड लाइनची भीती घालवायला ते पुरेसे आहेत.

पुरातून काढलेली मशीन हा वेगळा वर्ग. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि महाडच्या बाजारपेठेत पाणी शिरले. अशा पाण्यातला गाळ कनेक्टरच्या आत बसतो. बोर्ड धुऊन, वाळवून सुरू झाला तरी गंज आत चालूच राहतो आणि साधने एकेक करून अधूनमधून हरवू लागतात. त्यावर खर्च करण्यात अर्थ नसतो. बुडालेली फिरती डिस्क वाळवून जोडणे तर सर्वांत घातक, कारण बहुतेक डिस्कना हवेचे छिद्र असते आणि त्यातून पाणी आत गेलेले असू शकते. ती चालू न करता माहिती काढणाऱ्या तज्ज्ञाकडेच द्यावी. वरच्या माळ्यावर कोरडी राहिलेली डिस्क नव्या बोर्डाला जोडताना मात्र वर सांगितलेले नोंदींचे दोष एकदम भेटतात. फेडोरा आणि रेड हॅटची इनिटरॅमएफएस फक्त जुन्या बोर्डाचे ड्रायव्हर घेऊन बनलेली असू शकते. ग्रबमधल्या रेस्क्यू नोंदीवरून सुरू करून ती ड्रॅकट या आज्ञेने नव्याने बनवावी. डेबियन कुटुंबात ती बहुतेक सगळे ड्रायव्हर घेऊनच बनते, म्हणून तिथे हा त्रास कमी. जुन्या कार्डाचे नेटवर्क नियम आणि पाण्यात गेलेल्या दुसऱ्या डिस्कची एफएसटॅबमधली ओळ काढून टाकावी. मग मशीन पूर्ण बंद करून, प्लग काढून, रात्रभर थंड होऊ देऊन सुरू करावे. नुसता रीबूट ही चाचणी पुरेशी नाही.